गंजीला गंजी खेटू नये

आमच्या मळ्यात कडब्याच्या गंज्या तीन असायच्या. एक गोठ्यामागं, एक विहिरीच्या अंगाला आणि तिसरी पार खालच्या बांधावर. एवढ्या लांब कडबा नेऊन टाकायचा म्हणजे गाडीच्या खेपा वाढायच्या, आणि पावसाळ्यात तिथून पेंढ्या आणायच्या तर गुडघाभर चिखल. मी लहानपणी कुरकुर केली की काका म्हणायचे, "गंजीला गंजी खेटू नये. एक पेटली तर बाकीच्या दोन तरी गुरांच्या तोंडाला राहतात, बघ की."

काका हवाई दलात एअरमन होते. विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे फिटर. पंधरा वर्षं नोकरी करून गावी आले, हिरवी लोखंडी पेटी माळ्यावर टाकली आणि परत औत धरलं. आमचं गाव बेळगावजवळच्या सांबऱ्याला लागून. घराच्या परड्यातून विमानतळाचं कुंपण दिसतं. पण काकांची नोकरी सगळी उत्तरेकडं झाली आणि घराशेजारच्या विमानतळावर त्यांनी एक दिवसही ड्युटी केली नाही, याची त्यांना कायम चुटपुट राहिली.

गंजीची गोष्ट शेतकऱ्याची आहे असंच मला कितीतरी वर्षं वाटत होतं. ती हवाई दलाचीही आहे, हे फार उशिरा कळलं.

सांबऱ्याचा विमानतळ 1942 सालचा, ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने बांधलेला. त्या साली मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हातात गेलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोलंबोवर बॉम्ब पडले, लगोलग विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर. तोवर हिंदुस्थानातले लष्करी तळ वायव्येकडं तोंड करून बसलेले, कारण धोका खैबर खिंडीतून यायचा असं शंभर वर्षं ठरून गेलं होतं. पूर्वेकडून कोणी येईल याची तयारीच नव्हती. मग दोन-तीन वर्षांत आसामपासून मद्रासपर्यंत धावपट्ट्यांची घाई उडाली आणि दोनशेच्या वर विमानतळ उभे राहिले. किनाऱ्यापासून लांब, समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, बऱ्या हवेचं बेळगाव प्रशिक्षणाला सोयीचं पडलं. ब्रह्मदेशाच्या मोहिमेला इथून पाठबळ गेलं.

माझी आजी त्या कामावर होती. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली, थोरली आत्या कडेवर. ती सांगायची ते सगळं बुट्टीचं होतं. खडीची बुट्टी, मुरमाची बुट्टी, डोक्यावरची चुंबळ, आणि संध्याकाळी मानेला आलेली कळ. युद्ध कुणाचं कुणाशी चाललंय हे तिला माहीत नव्हतं. "मोठं इमान उतरायचंय, रस्ता घट्ट पायजे" एवढंच मुकादम सांगायचा. अख्ख्या देशात त्या वेळच्या धावपट्ट्या बऱ्याच अंशी अशाच झाल्या. यंत्रं थोडी, माणसं अमाप, आणि त्यांत बाया पुष्कळ. आजीच्या टाळूवर मधोमध केस विरळ झाले होते. तेल लावताना तिथं बोट थांबायचं.

काकांना चालताना खडे वेचायची सवय होती. बांधावरून, रस्त्यावरून, देवळाच्या आवारातून, कुठूनही. वाकायचे, खडा उचलायचे, खिशात टाकायचे. कपडे भिजवण्याआधी काकू खिसे उलटे करायची आणि ओंजळभर खडे परड्यात फेकायची. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी नीट समजावलं. जेट विमानाचं इंजिन समोरून हवा ओढतं, प्रचंड ओढतं. त्या हवेबरोबर एखादा खडा, एखादा स्क्रू आत गेला तर पाती तुटतात आणि इंजिन निकामी होतं. म्हणून तळावर एअरमन एका रांगेत, खांद्याला खांदा लावून धावपट्टीवरून चालत जातात. नजर खाली. दिसेल तो खडा उचलायचा. पंखा फिरवणारी जुनी विमानं गवतावरून उडायची, चिखलातूनही उडायची. जेटला स्वच्छ डांबर नाहीतर काँक्रीट लागतं, लांबलचक लागतं आणि दररोज झाडलेलं लागतं.

युद्धकाळच्या शेकडो धावपट्ट्या ओस का पडल्या, याचं निम्मं उत्तर त्या खिशातल्या खड्यात होतं.

उरलेलं निम्मं उत्तर पांगापांगीचं, आणि ती पुढं महाग पडत गेली त्याचं. हवाई दलात तिला 'डिस्पर्सल' म्हणतात. काकांच्या तोंडी तो शब्द इतका बसला होता की म्हशी चरायला सोडतानासुद्धा ते "डिस्पर्सल कर त्यांना" म्हणायचे. कल्पना अगदी साधी आहे. आकाशातलं विमान चपळ, घातक, सहजी हाती न लागणारं. तेच जमिनीवर उभं असलं की दावणीचं जनावर. काकांच्या भाषेत, "वाघ आला तर त्याला पळायला येत नाही." म्हणून ती एका ओळीत उभी करायची नाहीत. लांब लांब ठेवायची, मध्ये मातीचे बांध घालायचे, वर जाळी टाकायची आणि शक्य असेल तर निम्मी दुसऱ्याच तळावर न्यायची.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी या विचारावर अख्खे विमानतळ आखले. एक मुख्य धावपट्टी 2000 यार्डांची, तिला छेदणाऱ्या दोन 1400 यार्डांच्या, भोवती गोल फिरणारा रस्ता आणि त्या रस्त्याला फुटलेले पळीच्या आकाराचे फाटे. पळीचा दांडा म्हणजे वाट, पळीची वाटी म्हणजे विमान उभं करायची जागा. एकेका तळावर अशा पन्नासेक पळ्या, एकमेकींपासून भरपूर अंतरावर. एक बॉम्ब पडला तर एकच विमान जावं. वरून पाहणाऱ्याला ही जमीन वाया घालवल्यासारखी वाटेल. मोकळं रान, गवत, मध्येच एखादं विमान. पण बचाव त्या मोकळ्या रानातच होता. धावपट्टीवरून विमान उडतं, आणि भोवतालच्या रिकाम्या जागेमुळं ते उडायला शिल्लक राहतं.

याच्या उलट वागलं की काय होतं, याचे दाखले इतिहासात पुष्कळ आहेत. 7 डिसेंबर 1941 ला पर्ल हार्बरजवळच्या तळांवर अमेरिकन विमानं पंखाला पंख लावून उभी होती. कारण ऐकलं तर तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं असेल. घातपाताची भीती होती, आणि एका ठिकाणी गोळा केलेली विमानं राखायला पहारा कमी लागतो. चोराची भीती धरली आणि वणवा आला. 5 जून 1967 ला इजिप्तची शेकडो विमानं अशीच उघड्यावर, एका सकाळीत गेली.

आपण लांबची उदाहरणं कशाला घ्यायची? 6 सप्टेंबर 1965 ची संध्याकाळ, पठाणकोट. पाकिस्तानची सेबर विमानं खाली झेपावली तेव्हा आपली विमानं जमिनीवर होती, त्यांत नुकतीच आलेली दोन मिग-21. पेटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पार दुसऱ्या टोकाला, बंगालमधल्या कलाईकुंड्याला तेच. ढाक्याहून आलेल्या सेबरनी ओळीनं उभ्या कॅनबेरा आणि व्हॅम्पायर विमानांवर मारा केला. काका त्या वेळी नोकरीत नवे होते, त्या दोन्ही तळांवर नव्हते. पण पठाणकोटला असलेल्या एका सोबत्यानं सांगितलेलं ते पुन्हा पुन्हा सांगायचे. आग विझवायला धावताना त्या माणसाच्या मनात एकच होतं, ही एवढी जवळ कुणी उभी केली?

धडा घेतला गेला, ही फार मोठी गोष्ट आहे. पुढच्या सहा वर्षांत तळांवर मातीचे आणि विटांचे आडोसे झाले, काँक्रीटच्या जाड छपराची कोठारं झाली. काकांनी पंजाबात या कामात वर्षं काढली. आजीनं डोक्यावर मुरूम वाहिला, तिच्या लेकानं वाळूची पोती रचली. 3 डिसेंबर 1971 ला संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या पश्चिमेकडच्या तळांवर एकदम हल्ले केले, तेव्हा जमिनीवरची आपली विमानं जवळपास सगळी वाचली. धावपट्ट्यांना खड्डे पडले, ते बुजवता आले. काका त्या संध्याकाळी एका आडोशात, विमानाच्या पोटाखाली पालथे पडले होते. बॉम्ब पडला की मातीचा बांध हलायचा आणि मानेवर भुरभुर माती पडायची. "ती माती आमचीच पोती फोडून येत होती," असं म्हणताना त्यांचा हात आपोआप मानेवर जायचा.

त्याच युद्धात भुजची धावपट्टी बॉम्बनी फुटली आणि माधापर गावच्या तीनशेच्या आसपास बायांनी ती 72 तासांत पुन्हा उभी केली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. विमानाचा आवाज आला की बाया झुडपांत लपायच्या, गेला की परत पाट्या उचलायच्या. ही हकिगत मी आजीला पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "त्यांना चुंबळी तरी दिल्या काय रे?"

सांबऱ्याला स्वतःचा असा एकच मोठा दिवस आला, 18 डिसेंबर 1961. गोव्याच्या मुक्तीसाठी सैन्याची जमवाजमव बेळगावात झाली होती. महिन्याच्या सुरुवातीपासून स्टेशनवर लष्कराच्या गाड्या येत होत्या आणि कॅम्पात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या सकाळी पुण्याहून उडालेल्या बारा कॅनबेरांनी दाबोळीची धावपट्टी फोडली, आणि सांबऱ्याहून उडालेल्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचं रेडिओ केंद्र बंद पाडलं. वडील तेव्हा शाळकरी. आजीची भाकरी तव्यावर असताना घराची कौलं थरथरली, ती कशानं हे दुसऱ्या दिवशी कळलं. 1955 च्या सत्याग्रहात सीमाभागातली माणसं गोव्याच्या हद्दीवर लाठ्या आणि गोळ्या झेलून आली होती. त्यामुळं गोवा सुटल्याची बातमी आमच्याकडं घरच्यासारखी साजरी झाली, आणि आजीनं आपल्या बुट्टीतला मुरूम त्या विमानांच्या चाकाखाली होता असं धरलं. तसं धरण्याचा तिला पूर्ण हक्क होता.

दाबोळीची आणखी एक बाजू मला कायम खुणावते. तिथं पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं उभी होती. धावपट्टी फुटली तरी ती दोन्ही शाबूत राहिली. रात्री अंधारात धावपट्टीचा तुकडा कसाबसा दुरुस्त करून ती विमानं तेवढ्या आखूड वाटेवरून उडाली आणि कराचीला पोहोचली. शत्रूची गोष्ट आहे, पण सांगते तेच. धावपट्टी एका रात्रीत बुजवता येते. जळालेलं विमान येत नाही.

मग हे सगळं माहीत असताना जगभर विमानतळ घटत का गेले? महायुद्ध संपलं तेव्हा एकट्या ब्रिटनमध्ये सातशेच्या आसपास विमानतळ होते. बहुतेकांवर आज गव्हाची शेतं आहेत, कारखाने आहेत, घरं आहेत. पन्नाशी-साठीच्या दशकांत तिथल्या अणुबॉम्ब वाहणाऱ्या विमानांना चारचारांच्या टोळीनं देशभर पांगवायची योजना होती, छत्तीस तळांची. तीही हळूहळू गुंडाळली गेली. स्वीडननं तर रस्त्यांनाच धावपट्ट्या केलं. जंगलातल्या आखूड पट्ट्या, एक तंत्रज्ञ आणि पाचेक जवान, दहा मिनिटांत विमान पुन्हा हवेत. शीतयुद्ध सरलं तसे तेही तळ बंद पडले आणि आता परत उघडायची धावपळ सुरू आहे. आपल्याकडं मद्रासजवळची शोलावरमची युद्धकाळातली पट्टी मोटारींच्या शर्यतींना गेली. ओरिसात अमर्दा रोडची प्रचंड धावपट्टी, जिथं लढाऊ वैमानिकांना शिकवलं जायचं, युद्धानंतर रिकामी पडली.

खर्च हे कारण आहेच. काका म्हणायचे, "चार विमानं चार जागी ठेवायची तर चार ठिकाणी चुली मांडाव्या लागतात." इंधनाचा टँकर चार ठिकाणी, दारूगोळा चार ठिकाणी, पहारा, फिटर, डॉक्टर, स्वयंपाकी, सगळं चारपट. विमान जितकं महाग आणि गुंतागुंतीचं, तितकी त्याच्या मागची वरात मोठी. गवतावर उतरणाऱ्या विमानाला एक ट्रक आणि दहा माणसं पुरायची. आजच्या लढाऊ विमानाला एक छोटं गाव लागतं, आणि ते गाव दर महिन्याला उचलून दुसरीकडं नेता येत नाही. विमानं महाग झाली म्हणून संख्या कमी झाली, संख्या कमी म्हणून तळ कमी, आणि तळ कमी म्हणून थोड्याच ठिकाणी सगळं साठलं. ही साखळी मला गावातही दिसते. पूर्वी आमच्याकडं जोंधळा पेवात असायचा. जमिनीत खोल खणून, आतून शेकून, कडबा लावून. कानडीत त्याला हगेव म्हणतात. एकेका घराची दोन-दोन पेवं, कुठं आहेत ते घरच्याच माणसाला ठाऊक. लुटारू आले, आग लागली, तरी कुठंतरी दाणा शिल्लक राहायचा. पेवं बुजली, गोदामं आली. सोय झाली हे खरंच आहे. पण गोदाम भिजलं की अख्खं भिजतं, हे आम्ही 2019 च्या पावसात आमच्याच धान्यावर अनुभवलं.

1 जून 2025 ला युक्रेननं मालवाहू ट्रकमधून सोडलेल्या छोट्या ड्रोननी रशियाची मोठी बॉम्बर विमानं जाळली. त्यांतला एक तळ सैबेरियात, युद्धापासून हजारो किलोमीटर आत. विमानं उघड्यावर उभी होती. त्याआधी काही तळांवर रशियनांनी पंखांवर जुने टायर टाकून ठेवले होते, तसे फोटो आले होते. मी ती चित्रं बघत बसलो आणि काका आज हवे होते असं फार वाटलं. त्यांना ड्रोन समजावून सांगावं लागलं असतं. बाकी काही सांगावं लागलं नसतं.

आपल्याकडं पांगवण्याचा विचार मेलेला नाही, हे मी समाधानानं लिहितो. 2015 मध्ये यमुना एक्स्प्रेसवेवर मिराज लढाऊ विमान उतरलं. 2021 मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ राष्ट्रीय महामार्गाचा एक पट्टा विमानं उतरवायला तयार झाला. मे 2025 मध्ये गंगा एक्स्प्रेसवेवर विमानं उतरवून सराव झाला. रस्ता म्हणून वापरायचा, वेळ आली तर धावपट्टी म्हणून. मला ही कल्पना मनापासून आवडते. नवी जमीन न खाता तिसरी गंजी खालच्या बांधावर ठेवण्याचाच हा प्रकार आहे.

पण महामार्गावर विमान उतरवता येतं म्हणून जुने तळ मोडीत काढायचे, हे मला पटत नाही. रस्त्याच्या कडेला दुकानं येतात, खांब येतात, झाडं वाढतात. विमानतळाच्या कडेची जागा एकदा गेली की परत मिळत नाही. आणि जाते ती नेहमी कडेचीच. धावपट्टीला कुणी हात लावत नाही. तिच्या भोवतीचं रान तेवढं कमी होत जातं.

सांबरा त्या मानानं नशीबवान. हवाई दलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल इथं आहे, देशभरची पोरं इथं कवायत शिकतात, पहाटे त्यांच्या बुटांचा ठेका आमच्या परड्यापर्यंत येतो. नागरी उड्डाणांनी चढउतार बघितले. 2017 साली नवी इमारत झाली आणि लगेच पुढच्या वर्षी बरीचशी विमानं हुबळीकडं वळली. मग उडान योजनेनं परत गजबज आणली. 2024 मध्ये आणखी मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झाली. बेळगावला हे हवंच होतं. उद्यमबागच्या फाउंड्रीवाल्याला आणि परगावी शिकणाऱ्या पोराला विमान लागतं.

विस्तारासाठी शेकडो एकर जमीन गेली. आमच्या भावकीतलीही गेली. मोबदल्याचे कागद घेऊन आमच्या घरचे एका कचेरीत किती वर्षं खेटे घालत होते, आणि दर वेळी वेगळाच कागद कसा कमी पडत होता, ते आता उगाळत नाही. एकच मागणी आहे. घेतलेली मोकळी जमीन मोकळी राहू दे. ती कुणाला रिकामी वाटली म्हणून तिथं गाळे, गोदामं, लेआउट उठू नयेत. आमच्या लोकांनी पिकाची जमीन दिली ती विमान सुखरूप राहावं म्हणून, असं मला आमच्या मुलांना सांगता आलं पाहिजे.

दुसरं काम मी स्वतः सुरू केलंय. सांबरा, मुतगा, निलजी, बाळेकुंद्री, मारिहाळ या गावांत 1942 आठवणारं माणूस आता शोधूनच सापडतं. त्यांच्या मुली-सुना आहेत, त्यांनी ऐकलेलं आहे. कुठली विहीर आत गेली, कुणाचं रान होतं, मजुरी कुणाच्या हातून मिळायची. कुणी मराठीत सांगतं, कुणी कानडीत, एकाच दमात दोन्हीत सांगणारेही आहेत. मी वहीत उतरून घेतो आणि प्रत दोन घरांत ठेवतो. एक आमच्याकडं, एक थोरल्या आत्याच्या मुलाकडं खानापूरला.

काका गेले त्याला सहा वर्षं झाली. मागच्या दिवाळीत माळ्यावरची हिरवी पेटी काढली. आत वर्दीचा पट्टा, मेसमधला स्टीलचा मग, एक जुनी पान्हा-पेटी आणि तंबाखूच्या डब्यात खडे. साधे काळे खडे, हरभऱ्याएवढे, काही त्याहून मोठे. काकूनं ते कधी फेकले नव्हते. "हे वेगळे," ती म्हणाली. "हे तिकडनं आणल्याले." कुठल्या धावपट्टीवरचे ते त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं. मी डबा परत लावला.

यंदा चुलतभावानं ट्रॅक्टरनं सगळा कडबा एकाच जागी, गोठ्याला लागून रचला. मजूर मिळत नाहीत, त्याचंही बरोबर आहे. तरी रविवारी आम्ही दोघांनी मिळून चार खेपा खालच्या बांधावर नेल्या. पाचवीला अंधार पडला.